किर्दीवरून खतावणी

कांद्याच्या बाजारभावाची एक फाईल घ्या. प्रत्येक ओळीत आठ गोष्टी, मधे स्वल्पविराम: तारीख, बाजार समिती, शेतमाल, प्रत, क्विंटलमधली आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. एका समितीच्या एका दिवसाच्या एका प्रतीला एक ओळ. राज्यभरातल्या समित्या आणि पाच-दहा वर्षांचा काळ धरला की ओळींची संख्या लाखांच्या घरात जाते. एवढ्या ओळी डोळ्यांखालून घालून कुणाच्या हाती काही लागत नाही. पण फाईलला प्रश्न विचारता येतो. लासलगावला हजार क्विंटलपेक्षा जास्त आवक कोणकोणत्या दिवशी झाली? या पुस्तकात शिकवलेल्या भाषेत तो प्रश्न असा लिहितात:

$2 == "लासलगाव" && $5 > 1000

पूर्ण प्रोग्राम एवढाच. दुसऱ्या रकान्यात लासलगाव असेल आणि पाचव्यातला आकडा हजाराहून मोठा असेल तर ती ओळ दाखवावी, असे त्यात म्हटले आहे. फाईल उघडणे, एकेक ओळ वाचणे, तिचे रकाने सुटे करणे, शेवटी फाईल बंद करणे ही सगळी कामे भाषा स्वतः उरकते. रकाने स्वल्पविरामाशी तोडायचे, एवढे तिला चालवताना सांगावे लागते. बाकी आपण फक्त अट घालायची.

ज्यांच्या टेबलावर रोज तक्ते येतात पण प्रोग्रामिंग हा ज्यांचा व्यवसाय नाही, त्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. पतसंस्थेतला लेखनिक, निकालाचे तक्ते करणारी शिक्षिका, जिल्ह्याच्या आरोग्याची आकडेवारी तपासणारा वार्ताहर, पावसाच्या नोंदींवर प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी, हे सगळे आज स्प्रेडशीटमध्ये काम करतात आणि त्यांचे बरेचसे काम तिथे नीट होते. माझी तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे. स्प्रेडशीटमध्ये माउसने ओळी गाळल्या, रकाना हलवला, चार नावे हाताने दुरुस्त केली, की समोर उरतो तो फक्त निकाल. त्या निकालापर्यंत आपण कसे आलो, याची खूण कुठेही राहत नाही. सहा महिन्यांनी कुणी विचारले तर आपल्यालाही सांगता येत नाही. आकड्यांवर जे जे केले ते लिहिलेले असावे आणि दुसऱ्या माणसाला वाचता यावे, या एका आग्रहापोटी मी हे पुस्तक लिहायला घेतले. छोटी स्क्रिप्ट म्हणजे असे लिहिलेले काम. ती चालवताही येते आणि वाचताही येते.

भाषेचे नाव ऑक. १९७७ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या मरे हिल इथे बेल प्रयोगशाळेत आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहन यांनी ती तयार केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून नाव झाले. त्या काळी तिथे मजकुरावर काम करणारी दोन हत्यारे रुळली होती. केन थॉम्पसनचे ग्रेप हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधून देई, आणि ली मॅकमहनचे सेड ओळींमध्ये बदल करी. दोघांनाही आकड्यांशी देणेघेणे नव्हते. ओळीत ‘१५००’ आहे हे ग्रेपला कळे, पण तो आकडा हजारापेक्षा मोठा आहे हे कळत नसे. एहोंना अंदाजपत्रके आणि विद्यार्थ्यांचे गुण हाताळायचे होते, वाइनबर्गरांना डेटाबेसमध्ये रस होता, आणि मजकूर व संख्या दोन्ही सारख्याच सहजतेने हाताळणारे काहीतरी कर्निहनांना हवे होते. या तीन गरजांतून एक अतिशय आटोपशीर कल्पना निघाली: प्रोग्राम म्हणजे अट आणि कृती यांच्या जोड्या. ओळ अटीत बसली की कृती करायची. अट लिहिली नाही तर कृती प्रत्येक ओळीवर होते. कृती लिहिली नाही तर ओळ जशीच्या तशी छापली जाते. वरच्या लासलगावच्या प्रोग्रामला कृती नाही, ती याच सोयीमुळे.

एक-दोन ओळींचे प्रोग्राम लिहिले जातील अशा अपेक्षेने ही भाषा केली होती. लोक तिच्यात पानेच्या पाने लिहू लागले, तेव्हा १९८५ मध्ये तिघांनी ती वाढवली आणि १९८८ मध्ये तिच्यावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. संगणकावरच्या लेखनात मला ते आजही आदर्श वाटते. त्यात एकही वाक्य वाया गेलेले नाही. त्याची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कर्निहनांनी आपल्या मूळ प्रोग्राममध्ये युनिकोडची सोय केली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी केलेल्या हत्याराला जगातल्या सगळ्या लिप्या वाचता याव्यात म्हणून त्या वयात कुणी बसून कोड लिहिते, ही गोष्ट देवनागरीत लिहिणाऱ्या माणसाला फार जवळची वाटते.

ऑक एकटे काम करत नाही. एका प्रोग्राममधून निघालेले दुसऱ्यात सरळ सोडता यावे, ही कल्पना बेल प्रयोगशाळेतच डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये मांडली होती आणि १९७३ मध्ये ती युनिक्स या संगणकप्रणालीत आली. तेव्हापासून क्रम लावणारा सॉर्ट, रकाने कापणारा कट, दोन फाईली एका समान रकान्यावर जुळवणारा जॉइन असे छोटे छोटे प्रोग्राम एकापुढे एक लावून मोठे काम करण्याची पद्धत पडली. या पद्धतीची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९८६ मध्ये जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांना एक काम दिले: मजकूर वाचून त्यात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द मोजून दाखवायचे. क्नुथ यांनी अनेक पानांचा, स्पष्टीकरणासह विणलेला, अत्यंत सुबक प्रोग्राम लिहिला. परीक्षण मॅकिलरॉय यांच्याकडे होते. त्यांनी प्रोग्रामचे कौतुक केले आणि पुढे तेच काम सहा आज्ञा एकापुढे एक लावून करून दाखवले.

ही गोष्ट बहुतेक वेळा क्नुथ यांच्या पराभवाची म्हणून सांगतात. ते मला पटत नाही. माणसाने वाचावा असा प्रोग्राम कसा लिहायचा, हे दाखवायलाच क्नुथ यांना बोलावले होते आणि ते त्यांनी दाखवले. मॅकिलरॉय यांच्या सहा आज्ञाही शब्द सुटे करा, सगळे लहान लिपीत आणा, क्रम लावा, मोजा, मोठा आकडा वर घ्या, हवे तेवढे ठेवा अशा सरळ वाचता येतात. दोघांनाही वाचनीयता हवी होती. आपल्या रोजच्या कामाला मॅकिलरॉय यांची रीत जास्त सोयीची आहे. पण स्क्रिप्टच्या डोक्यावर दोन ओळींची टीप लिहिण्याची सवय मात्र क्नुथ यांच्याकडून घ्यावी, असे मी आवर्जून सांगतो.

चाळण्याच्या कामाबद्दल इथे फार सांगत नाही. पहिली तीन प्रकरणे त्याचीच आहेत आणि ती एका दुपारी वाचून होतात. अमुक तारखेपासूनच्या ओळी, रिकामा रकाना असलेल्या ओळी, आठाऐवजी सात किंवा नऊ रकाने निघालेल्या बिघडलेल्या ओळी, दुसऱ्यांदा आलेल्या ओळी: प्रत्येक चाळणी एका ओळीची. यातली रकाने मोजणारी चाळणी कोणतीही नवी फाईल हाती आल्याबरोबर लावावी. फाईल किती विश्वासाची आहे, हे तिथेच कळते.

खरा रस आहे तो घडण बदलण्यात. आपल्या दुकानदारीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. किर्दीत नोंदी तारखेच्या क्रमाने पडतात: आज अमक्याला उधार दिले, तमक्याकडून जमा झाले. पण गणपतरावांकडे एकूण येणे किती, हे किर्द पाहून सांगता येत नाही. त्यासाठी किर्दीवरून खतावणी करतात. प्रत्येक नोंद त्या त्या माणसाच्या खात्यावर चढवतात. नोंदी त्याच असतात, पण प्रश्न बदलतो तशी मांडणीही बदलते. ऑकमध्ये हे काम एका खास सोयीने होते. आठवणीत ठेवण्याच्या जागांना १, २, ३ असे क्रमांक देण्याऐवजी सरळ नावे देता येतात. बाजार समितीचे नाव हेच खाते, आणि ओळ वाचली की तिची आवक त्या खात्यावर मिळवायची. फाईल संपली की सगळी खाती छापायची. हे दोन ओळींत होते, आणि एकदा जमले की माणूस तक्त्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

खतावणी करताना काय मिळवायचे याचा विचार मात्र यंत्र करत नाही. समजा, एका दिवशी २०,००० क्विंटल कांदा १,५०० रुपयांनी गेला आणि दुसऱ्या दिवशी फक्त ५०० क्विंटल २,५०० रुपयांनी. दोन दरांची सरळ सरासरी २,००० रुपये येते, आणि ती छापून मोकळे होणारे पुष्कळ. पण शेतकऱ्यांच्या हाती क्विंटलमागे पडलेला दर त्याच्या जवळपासही नाही. आवक आणि दर यांचा गुणाकार, म्हणजे $5 * $8, खात्यावर चढवत जायचा, आवक वेगळ्या खात्यावर, आणि शेवटी पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. उत्तर येते १,५२४ रुपये. फरक पावणेपाचशे रुपयांचा आहे, आणि शेतकऱ्याला बरा भाव मिळाला की नाही, याविषयीचे आपले मत त्यावर अवलंबून असते.

घडण दोन्ही दिशांनी बदलावी लागते. पावसाचे तक्ते बहुधा आडवे येतात: तालुक्याची एक ओळ आणि पुढे जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे रकाने. वाचायला ते छान. पण कोणत्या तालुक्यात कोणत्या महिन्यात शंभर मिलिमीटरपेक्षा कमी पडला, हे विचारायचे तर चार रकान्यांसाठी चार अटी लिहाव्या लागतात, आणि उत्तरात महिन्याचे नाव येत नाही ते नाहीच, कारण ते फक्त मथळ्यात आहे. अशा वेळी तक्ता उभा करतात. तालुका, महिना, पाऊस अशी ओळ. एका तालुक्याच्या चार ओळी. मग तोच प्रश्न एका अटीत मावतो. हॅडली विकहॅम यांनी २०१४ मध्ये नीटनेटक्या डेटावर एक निबंध लिहिला. एका नोंदीला एक ओळ, एका गुणधर्माला एक रकाना, हा त्यातला मुख्य नियम. त्याचे मूळ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये मांडलेल्या डेटाबेसच्या सिद्धांतात आहे. छापायला आडवा आणि विचारायला उभा, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम भागते.

सरकारी तक्ते माणसांनी कागदावर वाचावेत अशा बेताने केलेले असतात, आणि त्यांत दोन अडचणी हमखास भेटतात. पहिली: जिल्ह्याचे नाव एकदाच लिहायचे आणि खालच्या तालुक्यांसमोर तो रकाना रिकामा सोडायचा. माणूस वर पाहून समजून घेतो. प्रोग्राम एका वेळी एकच ओळ पाहतो, त्याला समजत नाही. उपाय सोपा आहे. पहिला रकाना भरलेला असेल तर तो लक्षात ठेव, रिकामा असेल तर लक्षात ठेवलेला तिथे घाल. दुसरी अडचण जास्त धोक्याची: प्रत्येक जिल्ह्याच्या शेवटी ‘एकूण’ अशी ओळ. ती गाळायची राहिली तर बेरीज बरोबर दुप्पट होते. राज्याचीही ‘एकूण’ ओळ असेल तर तिप्पट. चूक भलती मोठी असूनही आकडा अशक्य वाटत नाही, म्हणून ती निसटते.

आता मराठी मजकुराच्या खास गोष्टींकडे येतो. इंग्रजी पुस्तकांत त्या सापडत नाहीत, आणि हे पुस्तक मराठीत लिहिण्याचे हेही एक कारण आहे.

देवनागरी अंक ऑकला संख्या म्हणून कळत नाहीत. ‘१२३’ ही त्याच्या लेखी तीन अक्षरे. त्यामुळे देवनागरी अंकांच्या रकान्याची बेरीज शून्य येते. बेरीज शून्य आली की निदान शंका तरी येते. तुलनेत ते घडत नाही. एका बाजूला संख्या नसली की ऑक दोन्हींची अक्षरे म्हणून तुलना करते, आणि देवनागरी अक्षरांचा क्रम इंग्रजी अंकांच्या नंतर लागतो. म्हणून देवनागरीतला ५ सुद्धा 1000 पेक्षा मोठा ठरतो, आणि आपली चाळणी सगळ्याच ओळी आत घेते. लाखाच्या पद्धतीने घातलेल्या स्वल्पविरामांचे याच्या उलट होते. 1,25,000 मिळवायला सांगितले तर पहिल्या स्वल्पविरामापर्यंतचा 1 तेवढा मिळवला जातो. त्याची हजाराशी तुलना केली तर दुसऱ्या जागी स्वल्पविराम आणि शून्य समोरासमोर येतात, स्वल्पविरामाचा क्रम आधीचा, आणि सव्वा लाख हजारापेक्षा लहान ठरतात. म्हणून मराठी तक्ता हाती आला की पहिले काम हे: अंक बदलून घ्यायचे आणि आकड्यांतले स्वल्पविराम काढायचे. अंक बदलायला सेड चांगले. लिनक्सवर मिळणारा टीआर एकेक बाइट धरून चालतो आणि देवनागरीचे एक अक्षर तीन बाइटांचे असते, म्हणून तो या कामाला वापरू नये.

दुसरी गोष्ट जमिनीच्या क्षेत्राची. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे टिंबांनी तोडून लिहितात. १.२५.५० म्हणजे एक हेक्टर, पंचवीस आर, पन्नास चौरस मीटर. ऑक दुसऱ्या टिंबाशी थांबते आणि पन्नास चौरस मीटर सोडून देते. गावाच्या हजारभर गटांची बेरीज करताना अशा सुटलेल्या तुकड्यांचे एकरच्या एकर होतात. एकर-गुंठ्यांत तर गोंधळ आणखी खोल. २.२० म्हणजे दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. २.२० आणि १.३० यांची दशांशासारखी बेरीज ३.५० होते, खरी बेरीज चार एकर दहा गुंठे. त्यात हा तक्ता मधे कधी स्प्रेडशीटमध्ये उघडला गेला असेल, तर २.२० चे २.२ झालेले असते, आणि वीस गुंठ्यांचे दोन गुंठे झाले की काय, हे नुसत्या फाईलवरून ओळखता येत नाही. रीत अशी: टिंबाशी तोडायचे, एकरांना चाळीसने गुणून गुंठे मिळवायचे, सगळी बेरीज गुंठ्यांत करायची आणि अखेरीस पुन्हा चाळीसने भागून एकर-गुंठे लिहायचे. हे प्रकरण मी मुद्दाम मोठे ठेवले आहे. जमिनीच्या आकड्यांवर माणसांचे आयुष्यभराचे तंटे उभे असतात. तिथली बेरीज अंदाजाने होता कामा नये.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ‘कऱ्हाड’ मधला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत नुक्ता असलेला वेगळा ऱ असतो, दुसरीत साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, खतावणीत मात्र कऱ्हाडची दोन खाती पडतात आणि रक्कम दोन्हींत विभागली जाते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘पुऱ्या’ अशा प्रत्येक शब्दाला हा धोका आहे. नावापुढे राहिलेली मोकळी जागाही हेच करते. म्हणून कोणत्याही रकान्याची खाती पाडण्याआधी त्यातली वेगवेगळी नावे किती वेळा आली, याची यादी काढून ती एकदा वाचावी. एकच गाव यादीत दोनदा दिसले की कारण शोधायचे. आणि श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेला मजकूर असेल, तर तो आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतो. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, तेव्हा नुसती अक्षरामागे अक्षर बदलून भागत नाही.

काही नावे खरोखरच बदलतात. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. दहा वर्षांच्या फाईलमध्ये ही दोन्ही नावे येणार. जुने नाव आणि नवे नाव अशी दोन रकान्यांची छोटी फाईल करायची, आणि मोठी फाईल वाचताना तिच्यावरून नावे बदलून घ्यायची. ही छोटी फाईल कुणालाही उघडून तपासता येते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. पण पालघरचे तसे नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीचे ठाणे आणि त्यानंतरचे ठाणे हे एकच खाते धरले, तर २०१४ मध्ये ठाण्याचे सगळे आकडे एकाएकी कोसळलेले दिसतील. इथे दोन जिल्ह्यांची बेरीज करून जुने ठाणे पुढे चालवायचे, की तालुक्यांवरून जुने पालघर मागे न्यायचे, हे प्रश्न पाहून ठरवावे लागते. जे ठरवले ते स्क्रिप्टमध्ये लिहिलेले असले, की त्याच्याशी सहमत नसणाऱ्याला नेमकी ती ओळ दाखवून वाद घालता येतो.

हाताने केलेल्या कामात न दिसता काय हरवते, याची दोन उदाहरणे सगळ्यांना ठाऊक असावीत. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमध्ये प्रयोगशाळांकडून साध्या मजकुराच्या फाईलींत आलेले करोनाचे अहवाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलींत भरले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ हून जास्त ओळी मावत नाहीत. मर्यादा भरली, पुढच्या ओळी गळाल्या, आणि १५,८४१ रुग्णांची नोंद आठवडाभर मोजणीतच आली नाही. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधण्याचे कामही तेवढे लांबले. आत गेलेल्या ओळी आणि बाहेर आलेल्या ओळी यांची संख्या जुळवून पाहिली असती तर हे पहिल्याच दिवशी दिसले असते. दुसरे उदाहरण जनुकशास्त्रातले. काही जनुकांची संक्षिप्त नावे इंग्रजी महिन्यांसारखी होती, आणि स्प्रेडशीट त्यांच्या मुकाट्याने तारखा करत असे. प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांच्या जोडतक्त्यांत हे इतके पसरले, की २०२० मध्ये मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली.

ऑक वापरले म्हणजे चुका होत नाहीत, असे नाही. वर देवनागरी अंकांचे पाहिलेच. पण स्क्रिप्टमधली चूक लिहिलेली असते. ती सापडली की एके ठिकाणी दुरुस्त करून सगळे काम मूळ फाईलवरून पुन्हा चालवता येते. यासाठी एक शिस्त लागते, आणि या पुस्तकात तिला कुठेही सूट दिलेली नाही: मूळ फाईलला हात लावायचा नाही. ती जशी आली तशी वेगळ्या जागी ठेवायची, वाचता येईल पण बदलता येणार नाही अशी करून. गाळलेल्या ओळीसुद्धा फेकायच्या नाहीत, ‘गाळलेल्या’ या नावाच्या वेगळ्या फाईलीत लिहायच्या. ठेवलेल्या आणि गाळलेल्या मिळून मूळ फाईलएवढ्या ओळी भरल्या पाहिजेत. वार्ताहरांना मी हे विशेष कळकळीने सांगतो. बातमीतल्या आकड्याला कुणी आव्हान दिले, तर मूळ फाईल आणि वीस ओळींची स्क्रिप्ट समोर ठेवता आली पाहिजे.

ऑक कुठे थांबवावे, हेही सांगायला हवे. अवतरणचिन्हांच्या आत स्वल्पविराम किंवा नवी ओळ असलेल्या फाईली, एकात एक गुंतलेली माहिती, पाच-सहा तक्ते एकमेकांशी जोडण्याची गरज, अशा वेळी पायथन किंवा एसक्यूलाइटकडे वळावे. स्वल्पविरामाच्या फाईली नीट वाचण्याची सोय ऑकच्या नव्या आवृत्त्यांत आली आहे, पण ती प्रत्येक संगणकावर असेलच असे नाही. माझा स्वतःचा दंडक असा, की स्क्रिप्ट पडद्यावर एका नजरेत मावेनाशी झाली की भाषा बदलायची. याउलट, दोन कोटी ओळींची फाईल आहे एवढ्यावरून ऑक सोडू नये. ते एका वेळी एक ओळ वाचते आणि खात्यांपुरतेच लक्षात ठेवते, त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावरही अशी फाईल निभावते. लिनक्स आणि मॅकवर ते आधीच असते, विंडोजवर लिनक्सची सोय चालू केली की मिळते, आणि अँड्रॉइड फोनवर टर्मक्स घेतले की तिथेही चालते.

मात्र प्रत्येक ठिकाणचे ऑक एकसारखे नसते, तेव्हा पहिल्या प्रकरणाआधी एक चाचणी करून घ्या. आपल्या संगणकावरच्या ऑकला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारा. ती कशी विचारायची, ते पुढच्याच पानावर दिले आहे. आपण वाचताना म, रा, ठी अशी तीन अक्षरे मोजतो. युनिकोड काना आणि वेलांटी वेगळी धरते, म्हणून युनिकोड जाणणारे ऑक ५ म्हणेल. १५ आले तर ते बाइट मोजते आहे, आणि चौथ्या प्रकरणापासून पुढे नावे तोडताना अक्षर मधोमध कापेल. तसे झाले तर परिशिष्टात सांगितल्याप्रमाणे जीऑक ही ऑकची आवृत्ती बसवून घ्या, भाषेची मांडणी युटीएफ-८ आहे ना ते पाहा, आणि ५ हे उत्तर मिळाले की कांद्याच्या फाईलपासून सुरुवात करा.